कठड्यावरून पाहिलेली मारामारी

माझी मुलगी इटलीत डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या एप्रिलमध्ये दुबईहून तिला भेटायला गेलो, तेव्हा तिने मला विद्यापीठातलं जुनं शवविच्छेदनगृह दाखवायला नेलं. काही शतकांपूर्वीचं, पूर्ण लाकडी.

आत जायची वाट खालून आहे. बुटक्या दारातून वाकून शिरलो आणि मान वर केली, तर मी बरोबर त्या जागी उभा होतो जिथे प्रेताचं टेबल असायचं. चहूबाजूंनी लंबगोल कठडे, एकावर एक, छतापर्यंत. गाइड बाई सांगत होती की इथे फाशी दिलेल्यांची प्रेतं आणत, किंवा ज्याचं न्यायला कुणी नाही अशा परक्या माणसाचं. आधी पोट फाडायचे, कारण ते लवकर सडतं. मग छाती, मग डोकं. पोरं कठड्याला खेटून दाटीवाटीने उभी राहून बघायची.

"बाबा, लुक अप," मुलगी म्हणाली. "एव्हरीवन स्टुड देअर अँड वॉच्ड."

मी वर पाहिलं आणि मला दरदरून घाम फुटला. असे कठडे मी पाहिले होते, पण वरून. तिला म्हणालो, "थांब जरा, बसतो." बसायला जागा नव्हतीच. गाइड बाकीच्यांना घेऊन पुढच्या दालनात गेली आणि मी भिंतीला टेकून तिला ते सांगितलं, जे अकरा वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी दुबईच्या जबल अली भागातल्या एका लेबर कॅम्पवर टाइमकीपर होतो. बायको-मुलगी शारजाच्या एका खोलीत, मी आठवड्याचे सहा दिवस कॅम्पवर. हजेरी, ओव्हरटाइम, रजेचे अर्ज, सगळं माझ्या खिडकीवर चालायचं. कॅम्प तीन मजली. मधे फरशीचा चौक, चौकाला लागून खाली स्वयंपाकघर, वर चारी बाजूंनी सज्जे आणि त्यांना लोखंडी कठडे.

सळ्या बांधणाऱ्या टोळीत रत्नागिरीकडचे दोघे होते. एकाच तालुक्यातले, एकाच खोलीत वरच्या आणि खालच्या पलंगावर झोपणारे. एक उंच, अबोल. दुसरा ठेंगणा, डोक्याने तापट. पाच वर्षं दोघांची एकत्र मेस. त्या वर्षी दोघांनी एकदमच रजा मागितली. उंचाच्या बहिणीचं लग्न होतं, ठेंगण्याची आई आजारी होती. टोळीतून सहाच जणांना सोडायचं होतं, आणि सहावं नाव मी उंचाचं लिहिलं. खरं तर आजारी आईची निकड जास्त. पण ठेंगण्याने आदल्या महिन्यात खिडकीवर सगळ्यांदेखत माझ्याशी हुज्जत घातली होती, ते माझ्या मनात राहिलं होतं.

यादी लागल्यावर तो आला. "साहेब, माझं नाव का नाय?"

मागे रांग होती. मला त्याला फक्त टाळायचं होतं. म्हणालो, "वरून आलंय. तुझ्याबद्दल ऑफिसात कुणीतरी बोललं असेल, मला काय माहीत. यल्ला, पुढचा."

एवढंच बोललो. तीन दिवसांनी सुटी होती, पण त्या आठवड्यात मी घरी गेलो नव्हतो.

दुपारचे दोन वाजले असतील. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीचा एसी गळत होता, तो बघायला मी गेलो होतो. खालून आरडाओरडा ऐकू आला म्हणून कठड्याशी आलो. ठेंगण्याने उंचाला कॉलरला धरून स्वयंपाकघरातून चौकात ओढत आणलं होतं.

"हाफिसात माझ्याबद्दल कोण बोलला? तुझंच नाव लागलं ना यादीत?"

"आईशप्पत, मी काय बोललो नाय रे."

ठेंगण्याच्या हातात चपात्यांचा लोखंडी तवा होता, गॅसवरून तसाच उचललेला. पहिला फटका त्याने सपाट मारला, कानावर. कातडी चरचरली, ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू आलं. उंच खाली बसला. बसता बसता त्याने ठेंगण्याचं मनगट तोंडात धरलं आणि चावलं ते सोडेचना. ठेंगण्याने त्याचे केस धरून डोकं फरशीवर आपटलं. पुन्हा आपटलं. जबडा सुटला तेव्हा त्यातून दोन दात बाहेर पडले. मग ठेंगणा त्याच्या छातीवर बसला, तवा उभा धरला आणि धारेकडून तोंडावर घातला. एक फटका गालावर. दुसरा डाव्या डोळ्यावर. तिसराही तिथेच. रक्त फरशीच्या उतारावरून गटाराच्या जाळीकडे वाहत गेलं.

तिन्ही मजल्यांवर माणसं कठड्याला खेटून उभी होती. कुणी ओरडत होतं, कुणी मोबाइलवर शूटिंग करत होतं. मधे पडलं तर पोलिसांच्या कागदावर नाव जाईल, व्हिसा जाईल, ही भीती सगळ्यांना होती. माझी गोष्ट वेगळी होती. रोज सकाळी मी खिडकीतून नावं पुकारायचो, तेव्हा माझा आवाज सगळ्या कॅम्पात पोचायचा. 'यादी मी केलीय' एवढंच ओरडलो असतो तर ठेंगण्याचा हात थांबला असता. शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि कठडा घट्ट धरून फटके मोजत राहिलो.

तो आपसूक थांबला. तवा बाजूला पडला. आपण काय केलं हे दिसल्यावर त्याने स्वतःची लुंगी सोडली, उंचाच्या तोंडावर दाबून धरली आणि आम्हा सगळ्यांकडे वर बघून ओरडू लागला, "गाडी बोलवा कुणीतरी, गाडी बोलवा." तेव्हा कुठे मी जिना उतरलो.

पोलिसाने मला विचारलं, "क्यूँ मारा?"

"मालूम नहीं. मैंने ऊपर से देखा."

"खलास," म्हणून त्याने वही मिटली.

आठ-दहा दिवसांनी मी हॉस्पिटलात गेलो. उंचाचा जबडा तारांनी बांधला होता आणि डावा डोळा काढून टाकला होता. मी त्याला सगळं सांगितलं, हुज्जतीपासून. तो शिव्या देईल असं वाटलं होतं, पण त्याला बोलताच येत नव्हतं. त्याने मोबाइल घेतला, बराच वेळ बोटं चालवली आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. "त्याला सांगितलंत का?"

मी नकारार्थी मान हलवली. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

ठेंगणा तुरुंगात गेला आणि शिक्षा संपल्यावर त्याला तिकडूनच परत पाठवलं. आई त्याआधीच वारली होती. टोळीतल्या एकाकडून नंबर मिळवून मी त्याला गावी फोन केला. यादी मीच केली होती, हे त्याला सांगितलं.

"आता सांगताय?" तो म्हणाला. मग म्हणाला, "तो शपथ घेत होता ओ. आईची. आणि मी मारत होतो."

त्यानंतर त्याने माझा फोन कधी उचलला नाही. दोन वर्षांनी उंचाने मात्र स्वतःहून केला. त्याचे शब्द सुटे सुटे यायचे, जबडा वाकडा बसला होता. "साहेब, तो आलेला घरी. पडवीत बसला तासभर. चहा घेतलान नाय. डोळ्याकडे बघितलान नाय. उठला नि गेला."

"काही बोलला?"

"काय बोलणार?"

मी सांगायचा थांबलो. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या कॉलेजात प्रेतं फाडून शिकवतात, रक्तामांसाची तिला शिसारी नाही. तरी तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"यू वॉच्ड द होल थिंग?"

"हो."

"अँड यू न्यू व्हाय ही वॉज डुइंग इट?"

"पहिल्या वाक्यालाच कळलं होतं."

गाइडने दारातून हाक मारली, पुढचा गट आत यायचा होता. आम्ही वाकून बाहेर पडलो. दोन गल्ल्या ती माझ्या पुढे चालत राहिली. मग थांबली आणि मराठीत बोलली. माझ्याशी ती मराठीत क्वचितच बोलते.

"बाबा, तुम्ही ओरडायला पाहिजे होतं."

"हो," मी म्हणालो.

ती आणखी काही बोलेल म्हणून मी थांबलो. ती पुढे निघाली. रस्ता ओलांडताना तिने मागे वळून मी येतोय का ते पाहिलं, आणि आम्ही स्टेशनच्या दिशेने चालू लागलो.