आजोबांचा प्रोग्रॅम सोडवताना

तुमच्या आजोबांनी निवृत्तीनंतर सिन्नरच्या एका कारखान्यासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. गोदामात कुठला सुटा भाग किती उरला, कधी मागवायचा, हे तो सांगायचा. कारखान्याची अट एकच होती. लिहिणारा माणूस वयस्कर, उद्या काही झालं तर? म्हणून प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, एका तिसऱ्या कंपनीकडे सांभाळायला ठेवायचा. या व्यवस्थेला एस्क्रो म्हणतात.

चौदा पानांचा इंग्रजी करार मी वाचला.

"नीट वाचलंस ना?" त्यांनी विचारलं.

"अहो, आयुष्यभर इंग्रजी शिकवलंय मी!"

'इतर शुल्क त्या वेळच्या दरपत्रकानुसार' असं एक वाक्य त्यात होतं. दरपत्रक मी मागितलं नाही. दोन ठिकाणचे स्वल्पविराम मात्र दुरुस्त करून पाठवले.

दर वर्षी मजकूर सांभाळण्याचे पैसे आम्ही त्या कंपनीला वेळेवर भरत होतो. मग एका दिवाळीच्या आवराआवरीत मी त्यांचा जुना कॉम्प्युटर दुकानात देऊन नवा घ्यायचं ठरवलं.

"थांब जरा, त्यातलं काढून घेतो," ते म्हणाले.

"तिकडे आहे ना सगळं? मग पैसे कशाचे भरतो आपण?" मी म्हणाले आणि रिक्षा बोलावली.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याने प्रोग्रॅममध्ये एक बदल मागितला. तो महिन्याच्या आत हवा होता. मूळ मजकुराशिवाय बदल होईना, म्हणून आम्ही एस्क्रोवाल्या कंपनीकडे आमचीच प्रत मागितली. उत्तरात बिल आलं. प्रत काढण्याचं शुल्क, आमची ओळख तपासण्याचं शुल्क, फाइल उघडते का ते पाहण्याचं शुल्क, आणि तातडीचं शुल्क; तातडी तर आम्ही सांगितलीच नव्हती. कारखाना तुमच्या आजोबांना वर्षभरात जेवढं देई, त्याहून ही रक्कम मोठी.

"स्वतःच्याच घरात शिरायला तिकीट!" ते हसले. "पण भरून टाक. काम अडलंय."

"का म्हणून भरायचं? हा शुद्ध अन्याय आहे."

मी पत्रं लिहायला बसले. मुद्द्यांना क्रमांक घातले, कराराची कलमं उद्धृत केली. ते पंचवटीतून भाजी घेऊन आले की पिशवी हातात असतानाच विचारायचे, "आलं का गं उत्तर?" चार पत्रांनंतर कंपनीने निम्मं शुल्क माफ केलं. मी ते उत्तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"छान लिहिलं होतंस," ते म्हणाले. "सिन्नरहून परवा फोन आला होता. त्यांनी दुसरा प्रोग्रॅम घेतला."

"मला बोलला नाहीत?"

"तू पत्र लिहीत होतीस."

शुल्क अन्यायाचंच होतं, हे मी आजही म्हणेन. पण आधी पैसे भरून मग भांडायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही, कारण मी जिंकत होते.

काही महिन्यांनी त्या गोदामातल्या माणसाचा फोन आला. आजोबा वामकुक्षी घेत होते. "काकू, नवीन लय किचकट हाय बघा. काकांचं आमच्या डोक्यात बसायचं. सांगा त्यांना, आम्ही आठवण काढतो म्हणून."

"सांगते," मी म्हणाले.

ते उठले, चहा घेतला, कोणाचा फोन होता म्हणून विचारलं. बँकेचा, असं मी सांगितलं. त्यानंतर ते तीन वर्षं होते. रोज चहा व्हायचा. तो निरोप मी दिला नाही.