थांबा काका आणि चाळीस पाट्या

आमच्या भाऊजींनी आयुष्याची एकतीस वर्षं लिफ्टमध्ये काढली. अडकून नव्हे, लिफ्टमन म्हणून. सात मजली कार्यालय, कोपऱ्यात एक स्टूल, आणि दिवसभर वर-खाली. इतका प्रवास करून माणूस कुठेच पोहोचला नाही, असं मी त्यांना एकदा तोंडावर म्हणालो होतो. ते हसले. टोमणा न लागणं हा त्यांचा सर्वांत मोठा दुर्गुण. समोरच्याची सगळी मेहनत वाया जाते.

पुढे तिथे नवी लिफ्ट आली. बटणं लोक स्वतःच दाबू लागले आणि भाऊजी घरी बसले. अक्षरशः बसले, कारण निरोपाची भेट म्हणून त्यांनी ते स्टूलच मागून आणलं होतं. महिन्याभरात ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्या दारात.

"तुझ्या त्या शिबिरात लाव ना यांना कुठेतरी. स्वयंपाकघरातून मी बाहेर पडले तरी विचारतात, कितवा मजला!"

आधी माझीच नोकरी मी जेमतेम सांभाळत होतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ते हे असं.

आमचं शिबिर म्हणजे गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी एका संस्थेनं बांधलेल्या चार खोल्या आणि वीस तंबू. शहरातली मुलं आठ दिवसांसाठी येतात, डास चावून घेतात आणि निसर्गाशी एकरूप होऊन परत जातात. मी तिथला कारकून. माझ्या टेबलाशेजारची खिडकी टेकडीकडे उघडते, म्हणून मी ती बंद ठेवायचो. धूळ येते, कागद उडतात. बारा वर्षांत मी एकदाही टेकडी चढलो नव्हतो आणि हे मी पाहुण्यांना अभिमानानं सांगत असे.

त्या वेळी निसर्ग मार्गदर्शकाची जागा रिकामी होती. मी भाऊजींचा अर्ज लिहिला, 'लोकांना सुरक्षित वर नेऊन खाली आणण्याचा एकतीस वर्षांचा अनुभव'. संचालकबाईंनी तो न वाचता मंजूर केला. वाचून सह्या करायच्या तर कामं कधी व्हायची, ही आमच्या संस्थेची जुनी शिकवण.

"भाऊजी, झाडं ओळखता ना?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"चेहऱ्यानं ओळखतो. नावं नाही येत," ते म्हणाले.

झालं! मी कपाळाला हात लावला. पण वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात तसं झालं. पोरांनाही काही येत नव्हतं. कुणी विचारलं, काका, हे कसलं झाड, तर भाऊजी सांगायचे, "मला कुठे माहीत? तूच ठेव नाव. पण आधी थांब, नीट बघ. चारही बाजूंनी बघून झाल्याशिवाय नाव द्यायचं नाही." मग तीस पोरं एका झाडाभोवती गोल फिरायची, भांडायची, हात वर करून मतं द्यायची. ठरलेलं नाव भाऊजी वहीत लिहायचे आणि झाडावर चुन्यानं नंबर घालायचे.

लिफ्टमधली एक सवयही टेकडीवर गेली. दार उघडलं की घुसणाऱ्यांना ते म्हणायचे, थांबा, आधी आतल्यांना जाऊ द्या. इथे वाटेत मुंग्यांची रांग आडवी आली तरी तेच. "थांबा. आधी त्यांना जाऊ द्या." शेवटची मुंगी पलीकडे जाईपर्यंत तीस पोरं एका पायावर. अर्ध्या किलोमीटरच्या वाटेला चार तास लागायचे, खाली जेवण गार व्हायचं आणि स्वयंपाकीणबाई माझ्या नावानं बोटं मोडायच्या. पोरांनी त्यांचं नाव थांबा काका पाडलं. अशी चार वर्षं गेली. भाऊजींचा चेहरा उन्हानं काळवंडला आणि ताई म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच हा माणूस घरी येऊन काहीतरी सांगत बसतो.

मग एक दिवस बाईंनी मला बोलावलं. पुढच्या पंधरवड्यात संस्थेचे विश्वस्त पाहणीला येणार होते. "टेकडीवर झाडांच्या नावाच्या पाट्या हव्यात. चाळीस. शास्त्रशुद्ध."

मी भाऊजींच्या कपाटातून वही काढली आणि रंगाऱ्याच्या हातात ठेवली. उघडून पाहिली का? नाही. रंगाऱ्यानं विचारलं का? त्यानंही नाही. "आपल्याला काय, अक्षराला अक्षर," म्हणाला, आणि नंबर बघून पाट्या लावून मोकळा झाला.

संध्याकाळी भाऊजी कार्यालयात आले. डोळे भरलेले. "अरे, संस्थेनं पोरांची नावं कायम केली! एवढा मान कोण देतं रे?" मी मान वर न करता म्हणालो, बरं बरं. स्टेपलरमधली पिन अडकली होती.

विश्वस्त आले. स्वच्छ बूट, नव्या टोप्या. बाई पुढे, मी मागे. पण पहिल्या पाटीच्या पुढे मी गेलो नाही, फायली सांभाळत पायथ्याशीच उभा राहिलो. पहिल्या पाटीवर लिहिलं होतं, 'पाय पसरून बसलेली आजी'. एक विश्वस्त खोकले. वरून मग वाचून दाखवल्याचे आवाज येऊ लागले. 'आईनं हाक मारली तरी न येणारा'. 'परीक्षेला घाबरलेलं'. सातव्या पाटीपाशी शांतता पसरली. तिथे होतं 'संचालकबाईंचा अंबाडा'. सगळ्यांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग बाईंच्या डोक्याकडे, हे मला खालूनही दिसलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. झाडाचा शेंडा तंतोतंत तसाच होता, हे दुर्दैव.

दुपारी बाईंच्या खोलीत आम्ही दोघं उभे.

"ही संस्थेची थट्टा आहे. माझी आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागावलेला कमी आणि दुखावलेला जास्त होता. "पाट्या कुणी लावायला सांगितल्या?"

मी हातातल्या फायलींच्या कडा जुळवू लागलो.

"चूक माझी बाई," भाऊजी म्हणाले.

महिनाअखेर त्यांना निरोप द्यायचा आणि पाट्या उद्याच काढायच्या, असं ठरलं. बाहेर आल्यावर मी काहीतरी पुटपुटलो. भाऊजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी नोकरीची अजून सहा वर्षं राहिलीत. पोरीचं शिक्षण आहे. माझं काय, घरी स्टूल आहे." जन्मभर मी ज्यांना बावळट म्हणत आलो, त्या माणसानं मला वाचवलं आणि मी वाचवू दिलं. मला स्वतःची लाज वाटली. इतकी की घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मलाच चढावं लागलं. घाईघाईनं चाळीस पाट्या काढून तासाभरात खाली यायचं, असा माझा बेत होता. पण स्क्रू काढायला थांबावं लागतं, आणि थांबलं की डोळे कुठेतरी जातातच. 'परीक्षेला घाबरलेलं' खरंच वारा नसताना थरथरत होतं. 'अबोला धरलेले भाऊ' एकाच बुंध्यातून निघून दोन दिशांना वाकलेले. 'उशिरा उठणारं' झाड, बाकीची हिरवीगार असताना नुकती कुठे पालवी फुटलेलं. दुपारपर्यंत माझ्या अकरा पाट्या झाल्या होत्या. आजीच्या पायांवर मी थोडा वेळ बसलोसुद्धा.

वाट वळसा घालून कार्यालयाच्या मागे उतरते. चाळिसावं झाड तिथेच, भिंतीला लागून. टेकडीच्या बाजूला त्याला एकही फांदी नव्हती. सगळं झाड भिंतीकडे झुकलेलं, आणि फांद्यांची टोकं एका बंद खिडकीच्या काचेवर टेकलेली. खिडकी माझी होती. पाटीवर होतं, 'खिडकी न उघडणारे मामा'.

चार वर्षं पोरं दर आठवड्याला या भिंतीपाशी थांबत होती आणि मी आत बसून बाहेरच्या गोंगाटाला शिव्या घालत होतो.

ती पाटी मी काढली नाही. आत गेलो, खिडकीची कडी तीन ठोशांत सुटली, आणि मी बाईंना पत्र लिहायला बसलो. वही मी दिली, न वाचता दिली, भाऊजींना काही ठाऊक नव्हतं, पोरांनी बघून बघून ठेवलेली नावं आहेत ती. सही करण्याआधी पत्र तीनदा वाचलं.

बाईंनी ते माझ्यासमोरच वाचलं. "म्हणजे थट्टा नव्हती?"

"नाही बाई. नुसता हलगर्जीपणा."

"तो काय, आपल्याकडे रोजचाच आहे," त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच वेळानं त्यांच्या कपाळावरची आठी गेली. भाऊजींचा निरोप रद्द झाला. मात्र एका अटीवर. यापुढे त्यांच्या प्रत्येक फेरीवर कार्यालयाच्या एका जबाबदार माणसानं देखरेखीला जायचं. कार्यालयात माणूस मी एकटाच, त्यामुळे जबाबदारही मीच. काढलेल्या पाट्या मलाच परत लावाव्या लागल्या. सात नंबरची तेवढी बाईंनी मागवून घेतली. ती त्यांच्या टेबलाच्या खणात आहे, असं स्वयंपाकीणबाई सांगतात.

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, मी तीस पोरांच्या मागे उभा असतो. गुडघे दुखतात. जेवण गार मिळतं. काल मुंग्या आडव्या आल्या. माझ्या समोरची एक चिमुरडी पुढे घुसायला लागली, तेव्हा मी तिचा दंड धरला आणि खेकसलो, "थांब म्हटलं ना! आधी त्यांना जाऊ दे."

भाऊजींनी वळून पाहिलं. टोमणा मारायची इतकी आयती संधी माणसाला आयुष्यात एकदाच मिळते. त्यांनी ती घेतली नाही. पुन्हा मुंग्यांकडे वळले आणि शेवटची पलीकडे जाईपर्यंत आम्ही सगळे उभे राहिलो.