बिनगाडीच्या गॅरेजातली कपाटं

थोर माणसं जाताना आपल्यामागे एक व्यवस्था ठेवून जातात. नाना मांडवकरांच्या शोकसभेत हे वाक्य तीन वक्त्यांनी म्हटलं, तिसऱ्याने डोळे मिटून. नानांनी ठेवलेली व्यवस्था बघायला मात्र तिघांपैकी कोणी गेलं नाही. ती गॅरेजमध्ये होती, आणि तिथे हार घालण्याजोगं काही नव्हतं.

बातमी मला कुंपणापलीकडूनच कळली. सकाळी सातला नानांच्या रंध्याचा आवाज यायचा, तो गेल्या महिन्यात एका सकाळी आला नाही... झोपेतच त्यांचं हृदय थांबलं होतं. असं होऊ शकेल हे डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, आणि त्याच आठवड्यात नानांनी कपाटं करायला घेतली होती.

पोफळीच्या वीजघरात नाना तीस वर्षं स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर मिरजोळ्याच्या रस्त्याला त्यांनी घर घेतलं. त्याला गॅरेज होतं, नानांकडे सायकल होती. त्यामुळे गॅरेजात बाकी सगळं साठत गेलं : फुटकी कौलं, पंपाचे सुटे भाग, रंगाचे डबे, सुंभाची वेटोळी. काही लागलं की शालिनीवहिनी नानांना हाक मारत आणि नाना त्या ढिगातून अचूक वस्तू काढत. या कौशल्याचा त्यांना अभिमान होता. डॉक्टरांकडून आल्यावर तो ओसरला. मला म्हणाले, "मी गेल्यावर शालनने फ्यूजच्या तारेसाठी कोणाच्या दारात उभं राहता नये." वहिनींना त्यांनी फक्त पसारा आवरतोय असं सांगितलं. वहिनींनी विश्वास ठेवल्याचं दाखवलं.

चौकटी फणसाच्या, खण आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांचे. पाय जांभ्याच्या चिऱ्यांवर, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरलं तरी लाकूड कोरडं. वाळवीसाठी खालून काळं ऑइल. सुताराला त्यांनी एकदाच बोलावलं, तो बघून हसला, म्हणून पुन्हा बोलावलं नाही. दोन वर्षांत तीन भिंती भरल्या. प्रत्येक खणावर पांढऱ्या रंगात वस्तूचं नाव, वर्णानुक्रमे. वर्णानुक्रमाची शिफारस माझी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, आम्हाला दुसरं काही सुचत नाही.

उद्घाटन असं काही नव्हतं, पण नानांनी वहिनींना आणि मला चहाच्या वेळी बोलावून सगळं दाखवलं. वहिनी पदराला हात पुसत एकेक नाव वाचत गेल्या, आणि शेवटी त्यांनी विचारलं, नळ गळायला लागला तर यातलं काय उघडायचं?

"अगो, नावं लिहिल्येत ना प्रत्येकावर."

"नाव ठाऊक असतं तर इतकी वर्षं तुम्हाला हाक कशाला मारली असती?"

मी चहा पीत राहिलो. तीस वर्षांच्या नोकरीत नानांच्या मांडणीला कोणी नावं ठेवली नव्हती... दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ते पत्र्याने अक्षरं खरवडत होते. महिनाभर त्यांनी वहिनींना घरात काय काय बिघडतं ते विचारलं आणि त्या म्हणाल्या तसंच लिहिलं. 'दिवे गेले.' 'नळ गळतो.' 'दार फुगलं, लागत नाही.' एकेका बिघाडाला एकेक खण, त्यात लागेल तेवढंच सामान आणि काय करायचं त्याचा कागद. वर्णानुक्रमाचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

विजय, त्यांचा मुलगा, तार मिळताच मुंबईहून एसटीने आला होता. तेरावं झाल्यावर त्याने आईची बॅग भरायला घेतली. आईने एकटीने इथे राहू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं आणि ते प्रेमाचंच होतं. काही बिघडलं तर कोणाला बोलावशील, हे तो तिसऱ्यांदा विचारत होता, तेव्हा विहिरीवरचा पंप घरघरत राहिला आणि नळाचं पाणी गेलं. विजयने माझ्याकडे पाहिलं. त्याचा मुद्दा सिद्ध झाला होता.

वहिनी उठून गॅरेजात गेल्या. 'पंप फिरतो, पाणी येत नाही' या खणात एक वायसर, एक पाना आणि एक तांब्या होता. कागद त्यांनी माझ्या हातात दिला, त्यांचा चष्मा आत राहिला होता. मी मोठ्याने वाचलं. आधी बटण बंद. मग जोड सोडवून वायसर बदलणे. वरच्या बुचातून तांब्याने पाणी भरणे, काठोकाठ. बूच घट्ट. बटण. 'तरी न आल्यास पुन्हा भरणे. शेजाऱ्यांना विचारू नये, ते नुसते बोलतात.'

हेही मी मोठ्यानेच वाचलं. विजय पुढे झाला, तर वहिनींनी पाना दिला नाही. "राहू दे. तू मुंबईला गेल्यावर मलाच करायचंय."

दोनदा भरावं लागलं. मग नळ खाकरला आणि पाणी आलं. पहिली पाच मिनिटं ते गढूळ होतं.