वेळ अमावास्येची तार

पासष्टी ओलांडली तरी वेळ अमावास्या, आमच्याकडचा रानातल्या पूजेचा न् पंगतीचा सण, मला नकोसा वाटतो. इथं लातुरात सून गाडीत भज्जीच्या मिसळभाजीचे आणि आंबिलीचे डबे भरते, नातवंडं शेतात जायला उड्या मारतात, आणि मी काहीतरी कारण काढून मागं राहायला बघते. घरच्यांना वाटतं, म्हातारीचे गुडघे दुखतात.

आमचं गाव लोह्याकडचं. वेळ अमावास्येला तिथं चिटपाखरू सापडायचं नाही, सगळे शेतात कडब्याच्या कोपीपाशी, त्या छोट्या खोपटातल्या पूजेला. बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. मीठ घरी राहिलं म्हणून मायनं मला परत पिटाळलं. रिकाम्या गल्लीत आमच्या कुलपासमोर पोस्टमन सायकल धरून उभा होता.

माझा थोरला भाऊ हवाई दलात होता. गावाला वाटायचं तो विमान उडवतो. तो बिचारा राजस्थानच्या वाळवंटात विमानांत तेल भरायचा. मायला हे ठाऊक होतं, तरी आभाळात विमान दिसलं की ती आधी पदर सावरायची. आदल्या संध्याकाळी रेडिओनं शत्रूची फौज शरण आल्याचं सांगितलं होतं. "आता आलंच माझं लेकरू," म्हणत तिनं पहाटेपासून चूल पेटवली होती.

पोस्टमननं माझ्या हातात तार दिली. "तुज्या बाला दे. मायला दावू नको."

"दादा येतोय का?"

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "न्हाई पोरी," एवढंच म्हणाला आणि सायकल ढकलतच निघून गेला.

तार मी परकराच्या नेफ्यात खोचली. खोटं कशाला सांगू, त्या वाटेनं पळताना मला दादाचं दुःख झालं नाही. भीती वाटली, तीही मायची. लढाई थांबली म्हणून हसणाऱ्या बाईला हे सांगणारं तोंड माझं असणार, आणि ते ती जन्मभर विसरणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

शेतात बा आंबिलीचं मडकं घेऊन ज्वारीभोवती पूजेच्या फेरीला निघाला होता. ती फेरी मधेच मोडायची नसते. मी म्हटलं, फेरी होऊ दे. फेरी झाली. मग म्हटलं, जेवणं होऊ देत. पंगतीत माय नेमकी माझ्या शेजारी टेकली. हलले की कागद वाजतोय असं वाटायचं, म्हणून मी श्वास कोंडून बसले.

"जेव की, काय बघून राहिलीस?" ती म्हणाली.

न जेवणाऱ्या लेकराचं पोट माय हातानं चाचपून बघायची. म्हणून मी जेवले. भज्जी मागून घेतली. शेजारी माय दादाच्या लग्नाचं बोलत होती.

दिवस कलल्यावर बैलगाडी जुंपताना मी बाला तार दिली. "आत्ताच पोस्टमननं दिली, बांधावर," मी म्हणाले. बाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तार म्हणजे काय हे कुणाला कळत नव्हतं? तो जू तसंच टाकून बांधावर बसला. माय धावत आली.

हवाई तळावर बॉम्ब पडला तेव्हा दादा विमानात तेल भरत होता, हे पुढं पत्रातून कळलं. तो पोस्टमन नंतरही सरकारी कागद घेऊन यायचा. त्याची घंटी ऐकली की मी धान्याच्या कणगीमागं दडायचे. हा आता बोलणार, मी तार पोटाशी धरून जेवले हे मायला कळणार.

त्या सालानंतर दोन वर्षांनी आम्ही पुन्हा शेतात गेलो. माय वाढत होती. मी भाकरी नुसती कुसकरत बसले होते. ती माझ्यासमोर थांबली.

"जेव," ती हळूच म्हणाली. "तवा बी जेवलीसच की."

आणि पुढच्या पानाकडं गेली. ती रागानं बोलली की माफ करून, हे विचारायची हिंमत ती मरेपर्यंत मला झाली नाही.