डोंगरावर दिलेला फुकटचा सल्ला

चहा घ्या आणि ऐका. स्वतःच्या तोंडानं स्वतःचा घात करणारा माझ्यासारखा माणूस अख्ख्या आर्णी तालुक्यात सापडायचा नाही!

तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा. शेत चार एकर, सगळा कापूस. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. त्या वर्षांत कापूसवाल्याला पोरगी देतंय कोण? तीन घरी पोहे खाऊन आलो. पोहे चांगले होते, पण पुढं काही नाही. शेवटी घरात जाहीर केलं, "मी आता पोरगी पाहाले जात नाही!"

मग एका सकाळी पुसदचे मामा आले. "चाल बे, डोंगरावरच्या देवीले जाऊ. वरून तळं काय दिसते! इस्त्रीचा शर्ट घाल."

"देवीले कायले पाहिजे इस्त्री?"

"घाल म्हणतो ना!"

घातला. शंका? छे!

पायथ्याशी मामा नारळ घ्यायला थांबले, मी पुढं निघालो. ऊन असं की अर्ध्या वाटेत शर्ट काढून खांद्यावर टाकला. बनियनवर माथा गाठला. खाली निळंशार तळं, वर गार वारा. देवळाच्या पायरीवर पांढऱ्या टोपीचे एक काका दम खात बसले होते. त्यांना पाणी दिलं.

"एकटेच आले काय काका?"

"पोरगी अन् तिची माय तळ्यावर गेल्या. पोरीसाठी जागा पाहून राह्यलो भाऊ. पोरगा चांगला हाय म्हणते, पण कापूसवाला हाय. काय करावं?"

आता मला कोणी सल्ला विचारतं का कधी? मी पायरीवर मांडीच घातली!

"काका, कायले पोरीले खड्ड्यात लोटता? मी सोता कापूसवाला हाय. दिवसभर फवारणी, रातभर डुकरं हाकलणं. नोकरीवाला पाहा!"

"पण पोरगा निर्व्यसनी हाय म्हणते."

"कोण म्हणते?"

"त्याचा मामा."

"बाप्पा! मामा लोकायवर भरोसा ठेवता? चार एकराचे आठ करून सांगते ते!"

काका गंभीरपणे मान हलवत होते. तेवढ्यात मामा धापा टाकत वर आले. आम्हाला शेजारी बसलेलं पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा, झाली वाटते ओळख! पाहुणे, हाच आपला भाचा. आठ एकर कापूस हाय!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बनियनकडे पाहिलं.

त्याच वेळी ती आईबरोबर तळ्यावरून वर आली. हातात चपला, पाय ओले, कशावर तरी मनापासून हसत. खोटं कशाला बोलू? मला आवडली. फार आवडली. मी घाईघाईनं शर्ट चढवला, तो उलटा.

"काका, मी बाकीच्यायबद्दल बोलत होतो. आपण पुढच्या साली तूर लावून राह्यलो!"

"असू द्या भाऊ," काका शांतपणे म्हणाले.

आठवड्यानं मामांचा फोन आला. "लय तारीफ केली तुयी! म्हणे, इतका खरा माणूस आजकाल भेटत नाही."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे होकार?"

"नाही ना बे! म्हणे, एवढ्या खऱ्या माणसाचा शब्द मोडाचा कसा? नोकरीवाला पाह्यला त्यायनं."