कौलातून आलेला पाय

स्वयंपाकघराचं छप्पर बदलायच्या आधी मी त्यातून खाली आलो. तेही अर्धाच.

बिबवेवाडीतल्या आमच्या बैठ्या घराची जुनी मातीची कौलं बदलायचं ठरलं आणि घरात दोन पक्ष पडले. माझी बायको मृणाल म्हणाली, "मातीचीच हवीत. उन्हाळ्यात ओट्याशी मी उभी असते, तुम्ही नाही." सासरे (निवृत्त मुख्याध्यापक, मुक्काम आमच्याकडेच) म्हणाले, "सिमेंटची घाला. शेजाऱ्यांचा नारळ पडला तरी फुटत नाहीत."

निर्णय माझ्यावर! मी दोन्ही नमुने आणले, पाण्यात बुडवले, उन्हात ठेवले, दिवसातून दहादा हात लावून बघितला. शेवटी रफिकभाई मिस्त्रींना विचारलं.

"सिमेंटची जड असतात, साहेब. तुमचे वासे जुने. पेलतील का ते रविवारी येऊन बघतो."

रविवारी! आज बुधवार! नवीन कौलं घातली आणि वासे मोडून सगळं मृणालच्या डोक्यावर आलं तर? मी जेवताना वर बघू लागलो. (गुरुवारी आमटी ताटाऐवजी मांडीवर वाढून घेतली.)

रविवारी सकाळी रफिकभाईंना अर्धा तास उशीर झाला आणि माझा धीर सुटला. माझं वजन ब्याण्णव किलो. वाशांनी मला पेललं, तर कौलांची काय बिशाद! शिडी लावून चढलो. पहिलं पाऊल ठीक. दुसरं ठीक. तिसरं...

कडाड्!

उजवा पाय मांडीपर्यंत स्वयंपाकघरात. नेमकी खाली कुकरची शिट्टी!

"अहो, हे काय?" मृणाल किंचाळली.

"पाय!"

"ते दिसतंय! तुमचाच ना?"

"आधी गॅस बंद कर!"

सासरे वर्तमानपत्र घेऊनच आले. "जावईबापू, दार उघडं होतं."

तेवढ्यात रफिकभाई आले. "हलू नका, साहेब!" असं म्हणून त्यांनी आधी वासा ठोकून बघितला, मग माझ्याकडे. "वासा एकदम पक्का. नुसतं कौल फुटलंय."

"सिमेंटचं असतं तर?" मृणालने विचारलं. फुटक्या कौलाची धार लागू नये म्हणून ती स्टुलावर चढून माझा पाय धरून उभी होती.

"तर साहेब वरच राहिले असते."

"मग सिमेंटचीच घाला," ती म्हणाली. "उकडलं तर उकडलं."

सासरे जिंकले. माझ्या मांडीला चार टाके पडले आणि छप्पर झकास झालं.

परवा घरात पडद्यांचा रंग ठरत होता. "मी काय म्हणतो..." मी सुरुवात केली.

"आपण बसा," सासरे म्हणाले. "आपण बसलेले सगळ्यांच्याच हिताचे असते."

मी मुकाट्याने बसलो. बसण्याआधी खुर्ची मात्र दोनदा हाताने दाबून बघितली!