बांधाकडचा दुधी

लेकीला सहा महिने पूर्ण झाले तेव्हा मी तिला पहिल्यांदा दुधी शिजवून भरवणार होते. बारामतीच्या बाजारासाठी भरलेल्या कॅरेटमधून मी एक कोवळा दुधी उचलला. सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला.

"ह्यो नगं. कालच औषध मारलंय. बांधाकडच्या येलाचा आण, त्याला आपण कायबी मारत न्हाय."

"मग हे कॅरेट?"

"ते बाजाराला."

"बाजारातनं नेणाऱ्यांच्या घरी बाळं नसतात का, आत्या?"

मामंजी हसले. "शिकल्याली सून. आता दुधीचीबी परीक्षा घील."

लग्नानंतर याच घराने मला बी.ए. करू दिलं, ते मी विसरलेली नाही. पण फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही, हे औषधाच्या बाटलीवर छापलेलं असतं आणि मला ते वाचता येतं. मी बाटली आणून दाखवली. तोवर टेम्पो निघूनही गेला.

बांधाकडचा दुधी लेकीने मिटक्या मारत खाल्ला. मी मात्र माझं ताट बाजूला सारलं.

"आपल्या बाळाला तर चांगलंच दिलं की," सासूबाई म्हणाल्या, "मग राग कशाचा?"

मला त्याचाच राग आला होता.